फोटो आमचा, फोटोओळ त्यांची

मुसलमानांवर संशोधन करायला येणाऱ्यांच्या पिशवीतून पूर्वी प्रश्नावली निघायची. आता मोबाइल निघतो. 'वय किती, शिक्षण किती, घरात कमावते किती' ही यादी मागे पडली आणि 'जरा असं उभं राहता का' हे वाक्य पुढे आलं. समाजशास्त्रात याला दृश्य पद्धती म्हणतात. माणसांचं जगणं समजून घेण्यासाठी फोटो, व्हिडिओ, हाताने काढलेली चित्रं, नकाशे यांची मदत घ्यायची. आकड्यांत जे सापडत नाही ते चित्रात सापडेल, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे आणि त्याला माझा विरोध नाही. या नावाखाली आमच्या किनारपट्टीवर, विशेषतः मुसलमान वस्त्यांमध्ये, जे चाललंय त्याला आहे.

मी किहीमला राहते. जवळच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईहून गाडीसकट येणं सोपं झालं. पर्यटक वाढले, बंगले वाढले, तसे अभ्यासकही वाढले. शुक्रवारी यायचं, जुम्याची नमाज सुटताना फोटो घ्यायचे, शनिवारी बाजार आणि मासळी, रविवारी दुपारची बोट. एवढ्यात एक समाज आटोपतो.

मागे एका विद्यापीठाचा गट आमच्या भागात येऊन गेला. नाव सांगत नाही, कारण ही एका विद्यापीठाची गोष्ट नाही. विषय होता किनाऱ्यावरच्या मुस्लिम स्त्रियांचा सार्वजनिक वावर. तीन दिवस राहिले. पुढे त्यांचा अहवाल हातात आला. त्यात चौदा फोटो. नऊ बुरख्याचे, त्यातले सहा पाठमोरे. दोन मिनारांचे. एक बिर्याणीच्या देगीचा. एक शेळीचा आणि एक नुसत्या समुद्राचा. समुद्राला बिचाऱ्याला धर्म नसल्यामुळे त्याच्याखाली फक्त 'किनारा' एवढंच लिहिलं होतं.

त्या नऊपैकी एका फोटोत माझी शेजारीण आहे. एका बंद दाराबाहेर ती उभी आहे. खाली फोटोओळ: 'सार्वजनिक जागेच्या उंबरठ्यावर मुस्लिम स्त्री'. आता खरं काय ते सांगते. ते दार बँकेचं आहे. सकाळचे दहा वाजायचे होते. शेजारीण एका बचत गटाची सचिव आहे आणि तिच्या पिशवीत गटातल्या बायकांची पासबुकं होती. तिच्या शेजारी त्याच गटातल्या आणखी तिघी उभ्या होत्या, दोन आगरी आणि एक माळी. त्या तिघी फोटोत नाहीत. फोटोची कड बरोबर त्यांच्या अलीकडे संपते.

फोटो खोटा नाही, ही यातली खरी अडचण. दार खरं, बुरखा खरा, उभं राहणंही खरं. खोटं बोलली ती चौकट, आणि त्या खोट्यावर सही केली ती फोटोओळीने. एखाद्या लेखात 'मुस्लिम स्त्रिया बँकेत जात नाहीत' असं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, आकडे कुठे आहेत? फोटोला कुणी पुरावा मागत नाही. तो स्वतःच पुरावा म्हणून उभा राहतो.

हा खेळ जुना आहे

ही आजच्या पोरांनी काढलेली नवी चूक आहे असं कुणी समजू नये. मुंबई इलाख्यात तिची सुरुवात कॅमेऱ्याबरोबरच झाली. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचा ग्रंथ दोन खंडांत काढला, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातले अनेक फोटो जोडकामाचे आहेत. माणसं एका जागी उभी करून टिपली, कागदातून कापून घेतली आणि दुसऱ्याच ठिकाणच्या दृश्यावर चिकटवली. माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस त्या जागी उभा नव्हता. आता कात्री लागत नाही. मोबाइलची चौकट आणि खालची ओळ तेच काम करतात.

त्यानंतर सरकारनेच हे काम हाती घेतलं. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. १८५७ चं बंड नुकतंच मोडलं होतं. राज्यकर्त्यांना जाणून घ्यायचं होतं की आपल्या हाताखाली कोण कोण आहे आणि त्यातलं कोण भरवशाचं. म्हणून फोटोसोबत त्या जमातीच्या स्वभावाबद्दल, इमानाबद्दल शेरे. एका माणसाचा चेहरा आणि त्याखाली पूर्ण जमातीचं प्रगतिपुस्तक. मी शिक्षिका आहे. एका मुलाची वही तपासून सगळ्या वर्गाला शेरा देणाऱ्या शिक्षकाला आम्ही काय म्हणू?

आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. स्नूक हुर्खोन्ये हा डच अभ्यासक १८८५ मध्ये मक्केत राहिला. तिथल्या समाजाचा त्याने अभ्यास केला, फोटो काढले, आणि सय्यद अब्दुल गफ्फार या मक्केतल्याच डॉक्टरला फोटोग्राफी शिकवली. स्नूक परत गेल्यावर अब्दुल गफ्फार यांनी फोटो काढून त्याला पाठवले. १८८९ मध्ये ते युरोपात छापले गेले. त्यांनी फोटोंवर केलेली अरबी सही छापताना काढून टाकली गेली आणि त्यांचा उल्लेख राहिला तो नाव न घेता, मक्केतला एक डॉक्टर म्हणून. हाजींचे ते चेहरे, काबागृहाभोवतीची ती गर्दी एका मक्कावासीयाच्या नजरेतून टिपलेली होती, हे जगाला कळायला मग शंभर वर्षांच्या आसपास जावी लागली. नजर आमची असली तरी नाव त्यांचं, हे तेव्हापासूनचं.

सुगरणीचा धडा

'मग काय, बाहेरच्याने पाहायचंच नाही का?' असं कुणी विचारेल. पाहायचं. पण कसं पाहायचं, हे शिकायला परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही. किहीममध्येच त्याचा धडा आहे.

१९३० मध्ये सलीम अली जर्मनीहून परत आले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी पैशाअभावी गेली होती. पत्नी तहमिना यांच्या माहेरचं घर किहीमला होतं, तिथे दोघं येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी शिडी लावली, तिच्यावर आडोसा केला आणि त्या हंगामात तिथे बसून पाहत राहिले. १९३१ मध्ये त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं.

त्यांनी काय पाहिलं? आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच बाईचं दिलंय, सुगरण. घरटं विणणारी ती, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. गाण्यांतही तेच आलं. प्रत्यक्षात विणतो नर. तो घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडलं तर तो पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो. या पक्ष्याच्या संसाराचा हा उलगडा किहीमच्या त्या झाडाखाली झाला.

आता विचार करा, सलीम अली त्या वेळी तीन दिवसांसाठी आले असते तर? पुरं झालेल्या घरट्यातून डोकावणाऱ्या मादीचा सुंदर फोटो मिळाला असता. खाली ओळ आली असती, 'कष्टाळू सुगरण आपल्या घरट्यात'. आणि सगळ्यांना पटलं असतं, कारण नाव तेच सांगत होतं. डोक्यात आधीपासून असलेलं नाव आणि एका क्षणाचा फोटो एकमेकांना साक्ष देतात, तेव्हा खोटं कधीच पकडलं जात नाही. ते पकडायला वेळ द्यावा लागतो. आज एक पाहिलं, उद्या काय होतं, आणि परवा? पाखराला नर कोण आणि मादी कोण एवढं कळण्यासाठी ज्या गावात एक माणूस शिडीवर हंगामभर बसला, त्याच गावात माणसांना समजायला तीन दिवस पुरतात?

पद्धत नेमकी काय सांगते

गंमत अशी की या पद्धतीचे जे जाणकार मानले जातात ते असं काही करा म्हणून सांगतच नाहीत. जॉन कॉलियर या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५७ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. मुलाखत घेताना समोर फोटो ठेवले की माणूस जास्त बोलतो, नेमकं बोलतो, त्याची आठवण चाळवते. दोघं मिळून तिसऱ्याच वस्तूकडे पाहत असतात, त्यामुळे उलटतपासणीचा ताण राहत नाही. इथे फोटो हा प्रश्न आहे. उत्तर समोरच्याच्या तोंडून यायचं आहे. आमच्याकडे येणारे काय करतात? फोटो काढतात, घेऊन जातात आणि उत्तर स्वतः लिहितात. माझ्या शेजारणीसमोर तो फोटो ठेवून 'यात काय चाललंय?' एवढं विचारलं असतं तर बचत गट, पासबुकं, उशिरा उघडणारी बँक आणि कडेला कापल्या गेलेल्या तिघी, सगळं बाहेर आलं असतं.

दुसरी पद्धत त्याही पुढची. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्याच हातात कॅमेरे दिले. तुमच्या जगण्यात काय महत्त्वाचं आहे ते तुम्हीच टिपा, तुम्हीच सांगा, आणि ते फोटो अधिकाऱ्यांपुढे ठेवू. जगभर ही पद्धत 'फोटोव्हॉइस' म्हणून ओळखली जाते. तिच्या नावातच आवाज आहे. आमच्याकडे फोटो येतो, आवाज मात्र गाळला जातो.

तो का गाळला जातो? याचं उत्तर थोडं टोचेल. भाषा येत नाही म्हणून. 'चित्राला भाषा लागत नाही' हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की त्यामागचा आळस मला लगेच कळतो. मुसलमान म्हणजे उर्दू, नाहीतर हिंदी, असं गृहीत धरून हे लोक येतात. आमच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली चालते, जी मराठीचीच लेक आहे. आजी ज्या शब्दांत बोलते ते यांना कळत नाहीत. दुभाषा शोधायचा कंटाळा. मग आजीच्या सुरकुत्यांचा फोटो. सुरकुत्यांना भाषांतर लागत नाही ना! आजी मात्र सांगत होती की नवऱ्याने जहाजावरून पाठवलेल्या पैशात तिने शेत कसं सोडवून घेतलं. तो इतिहास सुरकुत्यांत दिसत नाही. तो ऐकावा लागतो. दृश्य पद्धतीला भाषा कमी लागते असं नाही, जास्तच लागते.

परवानगी कुणी दिली?

आता थोडं आपल्या घरात पाहू. नुसतं बाहेरच्यांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे.

त्या गटाला बायकांचे फोटो काढायची परवानगी कुणी दिली? जमातीच्या सदर साहेबांनी. बायकांना कुणी विचारलं? कुणीच नाही. कागदावर सही आहे, संमती आहे, सगळं नियमात आहे. संशोधकांना वाटलं समाजाची परवानगी मिळाली. सदर साहेबांना वाटलं समाज म्हणजे आपणच. आणि तोच अहवाल पुढे लिहितो की मुस्लिम स्त्रियांना निर्णयाचा अधिकार नसतो! अहो, तो अधिकार त्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून काढून घेतलात.

दुसरं, आपल्यातले काही जण या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावतात. तसवीर हराम आहे, विषय संपला. तसवीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण वागणं तरी सरळ हवं. पासपोर्टला फोटो चालतो, आधारला चालतो, निवडणुकीच्या फलकावर नेत्याच्या शेजारी चालतो, हरमशरीफमधली सेल्फीही चालते. एखाद्या मुलीने मोबाइलवर आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा फोटो काढून ग्रामपंचायतीला पाठवला की मात्र हराम आठवतं. ही दीनदारी नाही. ही मुलीच्या हातातल्या कॅमेऱ्याची भीती आहे.

आणि या दुटप्पीपणाची किंमत आपणच मोजतो. आपण आपली नोंद ठेवत नाही, म्हणून दुसऱ्याने ठेवलेली नोंद हीच आपली ओळख होते. एके काळी असं नव्हतं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या कुळात 'अखबार'च्या वह्या ठेवायची रीत होती. कुटुंबातल्या बायका, पुरुष, मुलं, सगळे त्यात रोजच्या घडामोडी लिहायचे. कोण आलं, काय वाचलं, कशावर वाद झाला. आज अभ्यासक त्या वह्यांकडे वळतात, कारण त्यात त्या घरातल्या स्त्रियांचा स्वतःचा आवाज आहे. ते घराणं श्रीमंत होतं, शिकलेलं होतं, हे खरं. पण वही आणि पेन आज कुणाकडे नाही? आणि मोबाइल तर घरटी दोन आहेत.

चेहऱ्याची किंमत

'एवढ्याशा फोटोने काय होतं?' असं म्हणणाऱ्यांना मी एक नाव आठवून देते. कुतुबुद्दीन अन्सारी. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून जिवाची भीक मागणारा अहमदाबादचा तो शिंपी. आर्को दत्ता यांनी काढलेला तो फोटो जगभर गेला. फोटोने दंगलीचं क्रौर्य दाखवलं, ते काम मोठंच होतं. पण त्या माणसाचं काय झालं? तो पोटासाठी आपल्या महाराष्ट्रात, मालेगावला आला. तिथे ओळखला गेला आणि काम गेलं. पुढे २००३ मध्ये कोलकात्याने त्याला आसरा दिला. नंतरही निवडणूक आली की त्याचा तो चेहरा कुणीतरी पोस्टरवर आणायचं, आणि तो हात जोडून, यावेळी वेगळ्या कारणाने, सांगायचा की माझा फोटो वापरू नका. फोटो काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण फोटो एकदा सुटला की तो कुणाच्या हेतूत राहत नाही.

ते वर्तमानपत्राचं काम होतं. संशोधनाकडून तर जास्त सबुरीची अपेक्षा आहे, कारण त्याला उद्याच्या अंकाची घाई नसते. आज अहवालातला फोटो दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर जातो आणि त्याची ओळ वाटेत तीनदा बदलते. 'सार्वजनिक जागेच्या उंबरठ्यावर'ची 'बँकेबाहेर संशयास्पद' व्हायला कितीसा वेळ लागतो? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलंय, पण संशोधनाला काही अटींवर सूटही दिली आहे. म्हणजे जिथे कायदा सैल आहे तिथे माणसाने घट्ट असायला हवं.

काही जण उपाय म्हणून चेहरे पुसट करतात. तोही न विचारता. डोळ्यांवर काळी पट्टी पाहिली की आपल्याकडे लोकांना आरोपी आठवतो. एखादीला आपलं नाव आणि चेहरा दिसायला हवा असेल, कारण काम तिचं आहे. दुसरीला मुळीच नको असेल. दोघींना वेगवेगळं विचारा. त्याला दुसरा तोडगा नाही.

चांगलं कामही झालंय

महाराष्ट्रात चांगले दाखले नाहीत असं नाही. अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकारातून मुंबईत उभ्या राहिलेल्या 'पुकार' या संस्थेने वस्त्यांतल्या तरुण मुलामुलींनाच संशोधक केलं. आपल्या गल्लीचा प्रश्न त्यांनी निवडायचा, त्यांनीच लिहायचं, फोटो काढायचे, मांडायचं. २००६ मध्ये अप्पादुराईंनी याला 'संशोधनाचा हक्क' म्हटलं. शिक्षणाचा हक्क आपण ऐकला होता, हा त्याच्या पुढचा. आपल्या जगण्याबद्दल पद्धतशीर माहिती काढणं हे फक्त प्राध्यापकांचं काम नाही, नागरिकाचंही आहे, असं त्यांचं म्हणणं.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये 'नाता' हा माहितीपट केला. धारावीत १९९२-९३ च्या दंगलींनंतर सलोख्यासाठी झटलेले भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांची ती गोष्ट. वकारभाईंनी चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचं पोस्टर केलं होतं. कुणी म्हणेल, इथेही मुसलमान दाखवायला टोपीच लागली की! लागली. पण ती टोपी घालणारा हात वस्तीतला होता, कशासाठी घालतोय हे त्याला ठाऊक होतं, आणि ते पोस्टर लागणार होतं त्याच वस्तीत, जिथे चूक झाली तर लोक तोंडावर सांगणार होते. माझा राग टोपीच्या फोटोवर कधीच नव्हता. टोपी आमचीच आहे. ती कोण दाखवतंय, कुणाला आणि कशासाठी, यावर सगळं ठरतं.

आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मी मराठीच्या तासाला एक काम दिलं होतं. घरातल्या मोबाइलवर आपल्या परिसराचा एक फोटो काढा आणि खाली तुमच्या हाताने दोन ओळी लिहा. एकतीस फोटो आले. मिनार एकाही फोटोत नव्हता. पाण्याचा टँकर चार वेळा. समुद्रावर जायची जुनी पायवाट आणि तिच्यावर उभी राहिलेली नवी भिंत दोनदा. एका मुलाने बंगल्यातल्या निळ्याशार तलावाचा फोटो आणला होता. खाली लिहिलं होतं, 'हा तलाव माझे अब्बा रोज साफ करतात. मालक शनिवारी येतात. आमच्या नळाला दिवसाआड पाणी.'

एवढ्या तीन वाक्यांत आमच्या किनाऱ्याचं समाजशास्त्र आहे. जमीन कुणाकडे गेली, पाणी कुणाकडे जातं, आणि काम कुणाच्या वाट्याला आलं. आणि हा प्रश्न एकट्या मुसलमानाचा नाही. त्याच बंगल्याची बाग एक आगरी बाई पाहते आणि तिच्याही नळाला दिवसाआडच पाणी येतं. टोपी आणि बुरखा शोधत आलेल्या कॅमेऱ्याला हे दिसणार नव्हतं. आम्ही वेगळे कुठे दिसतो तेवढंच त्याला हवं होतं. पोराच्या फोटोने आम्ही एक कुठे आहोत ते दाखवलं.

म्हणून आमच्या गावात अभ्यासाला येणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. या, पण दोनदा या. पहिल्या वेळी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. मराठी येणारा माणूस बरोबर आणा. फोटो जिचा आहे तिला विचारा, तिच्या नवऱ्याला किंवा सदर साहेबांना नव्हे. काढलेला फोटो तिच्यासमोर ठेवा आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या. तुमची ओळ तुम्ही लिहा, पण तिची ओळ तिच्या शब्दांत, तिच्या नावाने किंवा नावाशिवाय, ती म्हणेल तशी, तुमच्या ओळीच्या वर छापा. अहवाल झाला की एक प्रत मराठीत गावात पाठवा, चुका आम्ही काढून देऊ. हे ज्याला जमणार नाही त्याने समुद्राचा फोटो काढावा. त्याची हरकत नसते.

आणि आपल्या लोकांना सांगणं त्याहून साधं आहे. मुलींच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नका. त्यात काय टिपलंय ते एकदा शेजारी बसून पाहा, आणि विचारा, 'याच्याखाली काय लिहिशील?'